पुढच्या चकतीचे दात

सायकल दोघांची होती आणि माणूस एकच उरला होता. सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

दोन सीटांची सायकल म्हणजे काय, ते आधी नीट सांगून टाकतो, नाहीतर पुढे माझ्या नावाने बोटं मोडाल. एकामागे एक दोन सीटा, दोन हँडलं, पेडलांच्या दोन जोड्या. मागचं हँडल नुसतं धरायला, ते वळत नाही. पुढच्या पेडलांची दातेरी चकती आणि मागच्या पेडलांची चकती एका चेनने जखडलेली. मागच्या पेडलांपासून दुसरी चेन मागच्या चाकाला. म्हणजे पुढच्याने पाय फिरवले की मागच्याचे फिरलेच, आणि मागच्याने फिरवले की पुढच्याचे. दोघांत जोर कोण लावतंय आणि आयतं कोण बसलंय, हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही. खरं विचाराल तर वर बसलेल्यांनाही फारसं कळत नाही.

वेल्डरने ही सायकल आपल्या हातांनी केली होती. दोन जुन्या सायकली कापल्या, सांधल्या, घासल्या आणि वर हिरवा रंग मारला. चढाच्या पायथ्याला त्याचं दारं-जाळ्यांचं वर्कशॉप, त्याच गल्लीत पुढे त्याच्या बायकोचं कव्हरं शिवायचं दुकान, आणि घर चढाच्या माथ्यावर, पाण्याच्या टाकीपलीकडे. सकाळी दोघं उतरत, संध्याकाळी दोघं चढत. बाजारात त्यांना जोडगोळी म्हणायचे. स्कूटर का घेत नाही, असं कोणी विचारलं की वेल्डर सांगायचा, जन्मभर पेट्रोलच्या फुटक्या टाक्या सांधल्या, आता म्हातारपणी त्यातल्याच एकीवर बसू होय?

माणूस कामाला चोख आणि तितकाच खोडींनी भरलेला. एक खोड तर अशी की हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर तो पंचने एक टिंब मारायचा. फाटक असो, बिजागरी असो, चकती असो, जी बाजू बाहेर दिसायची तिच्यावर एक टिंब. खोललेला भाग पुन्हा बसवताना उलटा बसू नये म्हणून. बायको म्हणायची, "अहो, मलाही एक मारून ठेवा. उद्या कोणी उलटी बसवली तर?"

दुसरी खोड जिभेची. संध्याकाळी चढ चढून आले की फाटकाशी उतरता उतरता तो रोज म्हणायचा, आली बघा आयती सवारी. पाय फिरतायत तेवढेच, ओढतो मी. तिनेही कधी मनाला लावून घेतलं नाही. एवढंच म्हणायची, "एक दिवस उतरून बघू का? मग कळेल." आणि हसत कुलूप काढायची. या थट्टेवर दोघांचा संसार सुखाचा झाला, कुणाला खोटं वाटेल.

मग डॉक्टरने तिच्या छातीला नळी लावली आणि तोंड लांब केलं. हृदय थकलंय म्हणाला. धाप लागेल असं काही करायचं नाही, चढ तर नाहीच नाही. लेक औषधांच्या दुकानात कामाला, तिला डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांचा अर्थ आईबापांपेक्षा जास्त कळत होता. ती म्हणाली, दुकान बंद कर. आई म्हणाली, मग घरी बसून भिंती मोजू? त्यावर वेल्डरनेच तोडगा काढला, आणि काढला तेव्हा त्याला स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं. त्याचं म्हणणं, तिने नुसतं बसायचं. पेडलं आपोआप फिरतातच, त्यांच्यावर पाय ठेवायचे, दाबायचं नाही. ओढायला मी आहे.

आता तो वेल्डर आहे. पाय टेकायला दोन लोखंडी पट्ट्या जोडून द्यायच्या, तर त्याला दुपारचं जेवण व्हायच्या आत जमलं असतं. त्याने तसं म्हटलंही. पण ती म्हणाली, पाय टेकवून नुसतं बसायला मी काय पोतं आहे? आणि तो हसला, आणि ते राहून गेलं. त्याऐवजी त्याने पुढची झिजलेली चकती काढून टाकली. तिच्यावर चेन उड्या मारायची, आणि मागे बसलेलीला हिसका बसायला नको. बाजारात त्या मापाची मिळेना, म्हणून हाताशी होता त्या मऊ लोखंडी पत्र्यातून त्याने एक कापली, एकेक दात कानशीने घासला, बाहेरच्या अंगाला टिंब मारलं आणि बसवली. लेकीने दोघांकडून वचन घेतलं. आई, तू दाबायचं नाहीस. बाबा, तुम्ही तिला दाबू द्यायचं नाही. दोघांनीही मान डोलावली.

आणि पुढे सगळं अगदी झकास चाललं. वेल्डरला वाटलं होतं, आता एकट्याने ओढायचं म्हणजे फेस येणार तोंडाला. कसलं काय. चढ पूर्वीसारखाच जात होता, उलट एखाद्या दिवशी जरा हलकाच. धुराने भरलेली त्याची छाती दिवसभर खोकायची आणि संध्याकाळी सायकलवर बसली की गुमान राहायची. फाटकाशी उतरून तो म्हणायचा, बघितलंस, अजून दम आहे गड्यात. ती पदराने तोंड पुसत म्हणायची, "हो ना. घोडाच तुम्ही."

त्या शेवटच्या संध्याकाळी टाकीजवळच्या वळणावर पेडलं एकदम जड झाली.

एकदम म्हणजे एकदम. पायाखाली कोणीतरी दगड ठेवावा तशी. सायकल डगमगली. वेल्डरला वाटलं ही मागे चुळबुळ करतेय. तो मान न वळवता खेकसला, "हलू नकोस ना मागे." तिचं डोकं त्याच्या पाठीला टेकलं. त्याला आधी बरं वाटलं, हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. कशीबशी सायकल थांबवून त्याने तिला रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवलं. तिने चढाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, थोडं थांबू म्हणाली, आणि तिथेच गेली.

लोक आले, लोक गेले. ज्याने त्याने वेल्डरला एकच गोष्ट सांगितली की तू तिला शेवटपर्यंत फुलासारखी वाहिलीस. लेक तर हे इतकं म्हणायची की तिचा श्वास त्यावरच चाललाय असं वाटावं. वचन तिने घेतलं होतं, आणि ते पाळलं गेलं होतं, एवढाच तिला आधार होता. वेल्डर मान डोलवायचा. पण त्याच्या डोक्यात एक किडा शिरला होता तो बाहेर निघेना. ती नुसती बसली होती, तर पेडलं जड का झाली?

जोर लावणाऱ्याने जोर सोडला तरच पेडल जड होतं. जो लावतच नव्हता तो सोडणार काय?

या प्रश्नाने त्याला पछाडलं, दुसरा शब्द नाही. तो स्वतःला समजावायचा, अंग ढिलं पडलं म्हणून तोल गेला असेल, म्हणून जड वाटलं असेल. हे कारण त्याला सकाळी पटायचं आणि संध्याकाळपर्यंत विटायचं. सायकल मात्र त्याने सोडली नाही. सपाट रस्त्यावर तो एकटा ती चालवायचा, आणि त्याच्या मागे रिकाम्या सीटखाली तिची पेडलं गरगर फिरत राहायची. बाजारातल्या बायका ते बघून मान फिरवायच्या. नेहमीचा भाजीवाला एकदा म्हणाला, तेवढी मागची काढून टाका हो, अंगावर काटा येतो. वेल्डरने त्याच्याकडून भाजी घेणं सोडलं. निघताना दोघांची एक खूण होती. तो म्हणायचा "हं", मागून ती म्हणायची "हं", आणि दोघांचे पाय एकदम पडायचे. अजूनही तो "हं" म्हणायचा. मग एक क्षण थांबायचा आणि मगच निघायचा. ते थांबणं त्याला बंद करता येईना.

घरातही तेच. सायकल बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेली असे. तिला सरकवताना पुढचं पेडल जरा हललं की मागचं अर्धा फेरा घेऊन थांबायचं. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. चेन कशी बांधली आहे ते त्याच्याइतकं कोणाला माहीत? तरी मागे वळून बघायची त्याला हिंमत होत नव्हती.

एका रविवारी त्याने तिच्या वजनाचं वाळूचं पोतं मागच्या सीटला बांधलं आणि चढाला लागला. शहानिशाच करायची म्हणाला. पोत्यासकट आपण एकटे वळणापर्यंत पोचलो तर ती नुसती बसत होती. मग आपण तिला मारलं नाही. असा सरळ हिशेब. वळण राहिलं दूर, पहिल्या दिव्याच्या खांबापाशीच त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पोतं सोडलं, रिकाम्या सायकलने गेला, तरी दम पुरेना, आणि वळणापर्यंत सायकल हाताने ढकलतच न्यावी लागली. खोकत खोकत तो कठड्यावर बसला. त्याच कठड्यावर. मग पुन्हा स्वतःची समजूत काढायला लागला, झोप नाही, जेवण नाही, माणूस खंगतो, तेव्हा होता दम, आता गेला.

तिथे तो बसलेला लेकीला सापडला. खाली खांबापाशी वाळू सांडलेली, इथे बाप काळानिळा. दुसऱ्या दिवशी सायकल आणि बाप दोन्ही घेऊन ती फिटरकडे गेली. सायकलला विजेची मोटार बसवायची, नाहीतर सायकल विकायची, दोन्हीतलं एक आजच ठरवा म्हणाली. आईचं हट्टीपण तिच्यात उतरलं होतं.

फिटरचं दुकान म्हणजे अर्धं सायकलींचं आणि अर्धं तारांचं. भिंतीवर रिमा, टेबलावर बॅटऱ्या, कोपऱ्यात उघड्या पोटाच्या मोटारी. फिटर पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोलायला बसला की गिऱ्हाईक घरदार विसरेल. सायकल बघून त्याने तोंडाचा चंबू केला. सायकलभोवती फेरी मारली, सांध्यांवरून बोट फिरवलं, आणि झाळ कोणाची म्हणून विचारलं. वेल्डरने स्वतःकडे बोट दाखवलं. फिटर म्हणाला, हातात कसब आहे. मग त्याने कामाला सुरुवात केली आणि मोटार किती ताकदीची लागेल ते ठरवायला विचारलं, बसणार किती जण?

"दोघं," वेल्डर म्हणाला.

लेक टेबलावरची कुठलीशी तार सरळ करायला लागली. फिटरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या सीटकडे, आणि दोघांच्या मापाची मोटार दाखवायला सुरुवात केली. शहाणा माणूस.

फिटरने सगळं उलगडून सांगितलं. मोटार चाकात बसते नाहीतर पेडलापाशी बसते. चढाला पेडलापाशी बसलेली उत्तम, आणि या सायकलला ती मागच्या पेडलांच्या जागी छान बसेल. वेल्डर म्हणाला, मागच्या पेडलांना हात लावायचा नाही. बरं, मग पुढच्या चाकात? पण पुढचं चाक धरणारा चिमटा जुना, चढावर मोटारीने ताण दिला तर चिमटा उघडेल. शेवटी मागच्या चाकात ठरलं. चाकातली मोटार जोर लावताना आपलाच एक्सल, म्हणजे मधली कांब, फिरवून निसटायला बघते, तो धरून ठेवायला दोन जाड पट्ट्या लागतात. बाजारातल्या पट्ट्या वेल्डरने हातात घेऊन नाक मुरडलं आणि तिथल्या तिथे म्हणाला, या मी करून आणतो. बॅटरी कुठे? लेक हळूच म्हणाली, मागची सीट काढून तिथे ठेवली तर वजन बरोबर चाकावर येईल. वेल्डर एवढंच म्हणाला की सीट राहील. बॅटरी मधल्या दांडीला लटकली, त्याच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये.

राहिला प्रश्न मोटारीला हुकूम द्यायचा. इथे फिटरने दोन जिनसा पुढे ठेवल्या. एक साधी लोहचुंबकाची चकती. ती पेडलाला बाहेरून चिकटते आणि पेडल फिरतंय एवढंच बघते. फिरलं की मोटार सुरू. स्वस्त, आणि काही खोलावं लागत नाही. दुसरी थोरली वस्तू, ती पुढच्या पेडलांच्या एक्सलच्या जागी आत बसते आणि पाय किती जोराने दाबतोय ते मोजते. तुम्ही जितकं द्याल त्या मानाने मोटार देणार, तुम्ही सोडलं की तीही सोडणार. वर एक छोटा पडदा, त्यावर तुमचा जोर एका पट्टीत आणि मोटारीचा दुसऱ्या पट्टीत दिसतो.

लेक म्हणाली, साधीच द्या, बाबांना जोर लावायचाच नाहीये. फिटरही म्हणाला, काकांच्या वयाला साधीच बरी, पाय नुसते फिरवत राहायचं, बाकी ती ओढेल, तुम्हाला कळणारही नाही की तुम्ही आयते बसला आहात.

वेल्डरचा चेहरा बघण्यासारखा झाला. बराच वेळ तो ती स्वस्त चकती हातात फिरवत बसला. मग ती त्याने टेबलावर ठेवली आणि दुसरीवर बोट ठेवलं.

"ही. मी किती देतो ते मला बघायचंय."

लेकीला वाटलं, पुरुषाचा ताठा. फिटरला वाटलं, जुन्या कारागिराची हौस. वेल्डरच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. पडद्यावर त्याचा जोर दिसेल. तो पुरेसा निघाला, निदान पुरेशाच्या जवळपास निघाला, तर वर्षभरापूर्वी तो चढाला पुरून उरत होता असं म्हणता येईल. मग तिला दाबायची गरजच नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडीच्या जागी यंत्र होतं.

ठरल्या दिवशी दुपारी तो पट्ट्या घेऊन आला. जाड पोलादाच्या, कडा गोल केलेल्या, प्रत्येकीवर एक टिंब. फिटरने ते टिंब काय म्हणून विचारलं आणि वेल्डरने सांगितलं, ही बाजू बाहेर, म्हणजे उलटी बसत नाही. सगळ्यावर मारतो. फिटरला ते फार आवडलं, आपणही आता मारणार म्हणाला. लेकही दुकानातून सुट्टी काढून आली होती. तिने सगळ्यांना चहा दिला. मागचं चाक बसलं, पट्ट्या बसल्या, आणि फिटर पुढच्या पेडलांकडे वळला. नवीन एक्सल बसवायला जुना काढायला हवा, त्यासाठी आधी चेन आणि चकती.

चकती काढून त्याने उजेडाला धरली आणि शिटी वाजवली.

दात एका अंगाने खाल्ले गेले होते. मऊ लोखंड, त्यामुळे चांगलेच. प्रत्येक दाताचा एक गाल सरळ, वर कानशीच्या रेघासुद्धा तशाच, आणि दुसरा गाल खोल पोखरलेला. फिटरने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खूश होऊन म्हणाला, "वा काका. एक बाजू झिजवली आणि उलटून लावलीत ना? पुढचा माणूस दाबतो ती बाजू अगदी कोरी आहे. एका चकतीत दोन चकत्या."

लेकीने विचारलं, म्हणजे काय? फिटरने तिला समजावलं. पुढचा माणूस ओढतो तेव्हा चेन दातांच्या या गालावर घासते. मागचा माणूस ओढत असेल आणि पुढचा नुसता पाय ठेवून बसला असेल, तर मागची पेडलं पुढच्यांना फरफटत नेतात, तेव्हा त्या गालावर घासते. आता इथे तो दुसरा गाल झिजलाय. कोणी पाहिलं तर म्हणेल मागचंच माणूस सारखं ओढत होतं. पण तसं कसं असेल? पुढचा काय झोपा काढत होता? म्हणजे चकती उलटून लावलेली, दुसरं काय.

वेल्डर हातातला कप धरून उभा होता.

त्याला आठवलं की चकती बसवल्यापासून त्याने ती एकदाही खोलली नव्हती. डॉक्टरच्या त्या दिवसानंतरची चकती. त्याआधीचा एकही फेरा तिच्यावर नव्हता. वचन दिल्यापासूनचे सगळे चढ, तेवढेच तिच्यावर होते. आणि ते सगळे एका गालावर होते.

नुसती दाबत नव्हती ती. त्याच्या वाटणीचंही ओढत होती. त्याची छाती कशी वाजते ते तिला शेजारच्या उशीवर रोज ऐकू येत होतं, त्याला स्वतःला येत नव्हतं. म्हणून मागून तिने पेडलं फिरवली, आणि त्याचे पाय त्यांच्याबरोबर फिरले, आणि त्याला वाटलं आपणच फिरवतोय. गाडीखालचं कुत्रं. घोडा म्हणे. आयती सवारी पुढे बसली होती आणि मागे वळून टोमणे मारत होती.

आता त्याला कळलं पेडलं का जड झाली. आणि जड झाल्यावर आपण काय बोललो तेही त्याला पुन्हा ऐकू आलं. त्याला वाटलं, ही चकती घ्यावी आणि रस्त्यावर जाऊन ओरडून सगळ्यांना दाखवावी. त्याला वाटलं, आता इथेच बसावं आणि उठूच नये.

"बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा होता. "उलटून लावली होती ना तुम्ही?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात किटली होती, आणि ती उत्तराची वाट बघत होती, लहानपणी कडीखाली बोट सापडलं तेव्हा बघत होती तशी.

"हो," वेल्डर म्हणाला. "मीच उलटवली. फेकून कशाला द्यायची?"

लेकीने श्वास सोडला आणि कप गोळा करायला लागली. तिचे बाबा कंजूष आहेतच, असं काहीतरी ती फिटरला म्हणाली.

फिटर चकती फडक्याने पुसत होता. तेल गेलं आणि बाहेरच्या अंगाला, जिथे असायला हवं बरोबर तिथे, टिंब वर आलं. फिटरचं फडकं थांबलं. त्याने टिंबाकडे पाहिलं, मग चाकाला नुकत्याच लावलेल्या पट्ट्यांवरच्या टिंबांकडे पाहिलं. वेल्डरकडे पाहायला त्याला थोडा वेळ लागला.

शेवटी खालच्या आवाजात त्याने विचारलं की नवीन चकती टाकू का, माझ्याकडे पोलादी आहे. वेल्डर नाही म्हणाला. हीच. जशी होती तशी. मग फिटरने विचारलं, पायाचा जोर मोजणारी वस्तू तरी हवी आहे का अजून, की ती साधी लावू? लेक लगेच म्हणाली, बघा, अजून वेळ गेलेली नाही. वेल्डर म्हणाला, ठरलं ते ठरलं. आयतं बसवणारी मला नको.

फिटरने चकती टिंब बाहेर ठेवून बसवली, चेन चढवली आणि बोल्ट आवळता आवळता फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमची बाजू नवी कोरी आहे, काका. खूप चालेल."

त्याच संध्याकाळी तो चढाला लागला. लेक पायऱ्यांच्या आडवाटेने पुढे घरी गेली होती. पायथ्याशी तो म्हणाला, "हं." थांबला. मग पाय दाबला, आणि चाकातली मोटार गुणगुणायला लागली. पडद्यावर दोन पट्ट्या उजळल्या, एक आखूड, एक लांब. आखूड त्याची. त्या पट्टीकडे बघून त्याला लाज वाटली आणि त्याने अजून जोराने दाबलं. दिव्याचा खांब मागे पडला. श्वास वाजायला लागला तरी तो दाबत राहिला. मागे तिची पेडलं फिरत होती, पण आज त्यांना त्याचे पाय फिरवत होते, आणि चेन त्याच्या बाजूने ताणलेली होती.

टाकीच्या वळणावर त्याने मुद्दाम एक गोष्ट केली. पाय पेडलांवर तसेच ठेवले आणि दाबणं सोडून दिलं. जसा तेव्हा बसायचा तसा बसला. मोटार प्रामाणिक, तिनेही त्याच क्षणी सोडलं. पडद्यावर दोन्ही पट्ट्या विझल्या. सायकल दगडासारखी जड झाली, डगमगली आणि उभी राहिली. त्याने पाय जमिनीला टेकला. एवढं होतं तर. एवढं सगळं ती रोज ओढत होती, थकलेल्या हृदयाने, आणि वर जाऊन कुलूप काढताना हसत होती.

शेजारी कठडा होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने मागे वळून पाहिलं. रिकामी सीट, आणि थांबलेली पेडलं.

"आता खरंच नुसती बस," तो म्हणाला.

चढावर मध्येच थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं फार अवघड. मोटार दाबल्याशिवाय हलत नाही, आणि दाबायला अंगात काही उरलेलं नव्हतं. दोनदा सायकल मागे घसरली. तिसऱ्यांदा त्याने उभं राहून सगळा भार एका पायावर टाकला, तेव्हा चाक हललं.

फाटकाशी लेक वाट बघत होती. बाप घामाने निथळत आलेला पाहून ती चरकली. मोटार लावूनही एवढी धाप? तिने सायकल धरली, त्याला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. तो पाणी पीत असताना ती सहज बोलून गेली, आई असताना तर तुम्ही हसत हसत चढायचात, दोघांचं वजन घेऊन.

"हो," तो म्हणाला. "तेव्हा चढ हलका जायचा."

तिने सायकल आत नेली आणि भिंतीला लावली. लावताना पुढचं पेडल हललं, आणि मागचं अर्धा फेरा घेऊन थांबलं.